गच्चीचा कठडा

नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, अशा आशयाची एक साधी आज्ञा अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. गुरुविद्यालयात असताना ती मी परीक्षेपुरती वाचली आणि विसरून गेलो. दहा आज्ञांच्या तेजापुढे गवंड्याला केलेल्या या सूचनेचे काय मोल? गेल्या आगमनकाळात मात्र ती मला पुन्हा भेटली, आणि तीही आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीतील संगणकात!

हा संगणक २०२० च्या टाळेबंदीत आला. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिस्सा घरोघरी दिसावी म्हणून चाकणच्या एका कारखान्यात कामाला असलेल्या आमच्या एका तरुणाने जुने-नवे भाग जमवून तो जोडला. मूळचा श्रीरामपूरकडचा हा मुलगा. हातात कसब आणि अंगात उत्साह. चित्रण सुरळीत जावे म्हणून त्याने संगणकाच्या प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. प्रोसेसरला एक घड्याळ असते. आमच्या प्रोसेसरचे ते सेकंदाला ४ अब्ज ३० कोटी ठोके देई. त्याने ते ४ अब्ज ९० कोटींवर नेले. वेग वाढला की विजेचा दाबही थोडा वाढवावा लागतो, नाहीतर घाईघाईने केलेल्या गणितात चूक होते. त्याने वेग यंत्राच्या मूळ मांडणीतच बसवला आणि विजेचा दाब मात्र विंडोजमध्ये चालणाऱ्या एका छोट्या प्रणालीकडून वाढवून घेतला. पाच वर्षे सारे निर्वेध चालले. टाळेबंदी सरली, तरी खाटेला खिळलेल्या वृद्धांसाठी रविवारची मिस्सा आम्ही दाखवतच राहिलो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली. त्याने सारे पुसून विंडोज ११ नव्याने घातली. कचेरीचे टंकलेखन, स्नानसंस्काराचे दाखले, सारे पूर्ववत होत होते. परंतु ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, प्रवचन ऐन रंगात असताना पडदा निळा झाला आणि संगणक बंद पडला. दुसऱ्या रविवारीही तेच. दुपारी एका आजीबाईंचा फोन आला, "फादर, तुम्ही आम्हांला अर्ध्या वाटेतच सोडून गेलात की हो!" ते शब्द मला बोचले.

तरुणाने शोध घेतला. नव्या विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची एक सुरक्षाव्यवस्था असते. ती प्रोसेसरच्याच साहाय्याने संगणकात एक बंदिस्त दालन उभारते आणि प्रणालीच्या गाभ्यात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक घटकाची तिथे पारख करते. ज्यांची खात्री पटत नाही, त्यांना ती दारातच थोपवते. दाब वाढवणारी ती छोटी प्रणाली अशीच दारात अडली. परिणाम असा झाला की, वाढवलेला वेग तसाच राहिला आणि त्याला दिलेला आधार तेवढा निघून गेला. हलक्या कामात हे कळत नव्हते. चित्रणाचा भार पडला की यंत्र कोलमडत होते.

अशी कडक राखण कशासाठी, असे मी विचारले. त्याने सांगितलेली हकीकत ऐकून मी थक्क झालो. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लुव्हेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले की, विजेचा दाब बदलण्याची हीच वाट वापरून तो मुद्दाम घटवला, तर इंटेलच्या प्रोसेसरकडून हिशेबात चूक करवून घेता येते आणि त्या चुकीतून अतिशय सुरक्षित कप्प्यातील गुपितेही काढता येतात. त्यानंतर इंटेलने अनेक प्रोसेसरांमध्ये ती वाट बंद करण्याची सोय केली. अर्थात, राखणदार कधी चुकतच नाही असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील मोठे दोष झाकण्यासाठी दिलेल्या दुरुस्तीमुळेच कित्येक संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले, आणि ती दुरुस्ती तूर्त वापरू नका, असे इंटेललाच सांगावे लागले. आमच्या संगणकात मात्र दोष राखणदाराचा नव्हता. आम्हीच मर्यादेबाहेर धावत होतो.

"फादर, सोपा उपाय आहे," तरुण म्हणाला. "ती सुरक्षा बंद करू. एका कळीचं काम."

त्या संगणकात धर्मग्रामातील कुटुंबांच्या नोंदी आहेत. विवाहाची कागदपत्रे आहेत, मदतीसाठी आलेले अर्ज आहेत, माझ्यावर विश्वासून लिहिलेली पत्रे आहेत. हे सारे मला ठाऊक होते. पण नाताळ तोंडावर आला होता, आणि आजीबाईंचे शब्द कानांत होते. मी म्हणालो, "कर बंद." तिसऱ्या रविवारी मिस्सा शेवटपर्यंत निर्विघ्न दिसली. मला समाधान वाटले; कबूल करतो, थोडा अभिमानही वाटला.

मिस्सेनंतर आमच्या गायकवृंदातील एका निवृत्त काकांना मी मोठ्या कौतुकाने ही हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. फक्त उजवा हात टेबलावर ठेवला. त्या हाताला दोन बोटे नाहीत. आमच्या या पट्ट्यातील एका लहानशा कारखान्यात ते पॉवर प्रेसवर काम करीत. प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, ही त्यामागची योजना. पण त्यात वेळ जाई. महिनाअखेरीस माल द्यायचा म्हणून कोणीतरी एक बटण तारेने बांधून ठेवले. "फादर, तो महिना माल वेळेवर गेला," काका शांतपणे म्हणाले. "बोटं पुढच्या महिन्यात गेली."

यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण हवे, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेले होते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ते कोणाला ठाऊक नाही? कठडा कोणी एकदम पाडत नाही. तो एका आठवड्यापुरता, एका सणापुरता बाजूला ठेवला जातो, आणि बहुधा चांगल्याच कारणासाठी. मीही तेच केले होते. फरक एवढाच की, काकांनी किंमत स्वतःच्या हाताने मोजली; मी मात्र दुसऱ्यांचा विश्वास पणाला लावला होता.

सोमवारी तरुणाला बोलावले. सुरक्षा पुन्हा चालू केली आणि प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगावर आणला. चित्राचा दर्जा एक पायरी उतरवला. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा त्या धिम्या संगणकावरून अखंड दिसली. आजीबाईंना चित्रातील फरक जाणवलाही नाही. त्या म्हणाल्या, "गव्हाण छान दिसली, फादर."

संगणक आवरताना तरुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मला दिसली. विचारले तेव्हा कळले, आठवड्यात तीन डबल ड्यूट्या होतात. बहिणीच्या लग्नाचे कर्ज आहे. पाच वर्षे मी त्याच्याकडून रात्री-बेरात्री काम करून घेत होतो आणि त्याच्या झोपेची चौकशी एकदाही केली नव्हती. शब्बाथाचा दिवस माणसासाठी आहे, हे प्रभूने परूश्यांना बजावले. तो मी दर वर्षी लोकांना सांगतो आणि स्वतः रविवारी सर्वांत जास्त धावतो, इतरांनाही धावायला लावतो. आता चित्रणाचे काम चार तरुणांत वाटून दिले आहे. कर्जाचा विषय धर्मग्रामाच्या मदत समितीपुढे ठेवला आहे.

मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला सुचवले होते की, उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभू शिखरावरून पायऱ्यांनीच उतरला असेल, असे मला नेहमी वाटते. कठड्याला हात धरून, सावकाश.