चालणाऱ्या टेकड्या



राजस्थानात जैसलमेरला गेलात, तर नुसता किल्ला पाहून परत फिरू नका. पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम गाव आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसणाऱ्यांची गर्दी असते. आपण जरा बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून बसावे आणि पायाशी पाहावे.

वाळू धुळीसारखी आभाळात जात नाही. तिचे कण जमिनीलगत टुणटुण उड्या मारतात. एक कण पडला की दुसऱ्याला उडवतो. वाटेत झुडूप आले की वारा मंदावतो, कण तिथेच पडतात. ढीग वाढला की तोच वाऱ्याला आडवा येतो. मग वाळू वाऱ्याकडच्या पसरट चढावरून माथ्यावर जाते आणि पलीकडे घसरते. खळ्यातली धान्याची रास ठरावीक उतारापलीकडे उभी राहत नाही, तसेच हे. असे होत होत अख्खी टेकडी पुढे सरकते. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की विहीर, कुंपण, रस्ता, काही सोडत नाही.

पण सगळ्याच टेकड्या चालत नाहीत. जुन्या टेकड्या सेवण गवताने आणि फोगाच्या झुडपांनी बांधलेल्या असतात. इथे वर्षाला जेमतेम २०० मिलीमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. तरी अशा उतारावर लोक बाजरी, मटकी, कलिंगड घेतात. वाळू पाणी वाहू देत नाही, पिऊन टाकते. वरचा थर वाळून झाकण होतो. आपण कोळपणी करून ओल राखतो ना, तेच काम!

उंटाचा नांगर झुडपे टाळून जाई. ट्रॅक्टर टाळत नाही. शिवाय जळणासाठी फोगाची मुळेही खणली जातात. मग झोपलेली टेकडी उठते आणि वाळू शेजाऱ्याच्या शेतात जाते. ही नांगरट मला तरी महागाची वाटते.

यावर जोधपूरला १९५२ साली वनीकरण केंद्र निघाले. १९५९ पासून ती केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था झाली. त्यांची रीत साधी आहे: आधी चराई बंद, मग वाऱ्याला आडव्या काटक्यांच्या ओळी रोवायच्या आणि पावसाळ्यात त्यांच्यामध्ये गवत व झाडे लावायची. सखल शेतात खेजडी हवीच. खेजडी म्हणजे आपली शमी, सौंदड. तिच्या सावलीतही बाजरी चांगली येते, शेंगांची भाजी होते.

पावसाळा संपता संपता गेलात, तर गवताने बांधलेल्या टेकडीत कोपरापर्यंत हात खुपसून पाहा. खालची वाळू गार आणि ओली लागेल.