एकाच शिक्क्याखाली

सांगलीकडच्या एका जैन कापड-व्यापारी कुटुंबात पन्नाशीला आलेले एक काका आहेत. बालपणी डॉक्टरांनी 'मतिमंद' असे लिहून दिले आणि पुढील चाळीस वर्षे घराने त्या एका शब्दावर भागविले. काका दुकानातील तागे रंगांच्या क्रमाने लावतात. एखादा हलला की तो जागेवर जाईपर्यंत त्यांना चैन पडत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणे ही घराचीच रीत. परंतु काकांचे ताट ठरल्या घटकेला, ठरल्या जागी आणि त्याच वाटीसह यावे लागते. पुतणीच्या लग्नात पंगतीला उशीर झाला, त्यात बँड सुरू झाला. काका कान दाबून मांडवाबाहेर जाऊन बसले आणि स्वतःच्या मनगटाला चावू लागले. "हट्टी आहेत हो, समज नाही ना!" थोरल्या वहिनींनी पाहुण्यांना सांगितले. त्यात दुष्टावा नव्हता. घरात दुसरा शब्दच नव्हता.

तो शब्द म्हणजे स्वमग्नता, अर्थात ऑटिझम. बुद्धीची वाढ मर्यादित असणे ही एक गोष्ट. संवादाची अडचण, बदल न सोसणे, आवाजाचा वा स्पर्शाचा असह्य त्रास ही दुसरी. परंतु पहिलीचे नाव एकदा पडले की दुसरीची सर्व लक्षणे तिच्याच खात्यावर मांडली जातात.

दोन्ही एकाच व्यक्तीत किती वेळा आढळतात, याचा काळजीपूर्वक हिशेब इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनालयामुळे आपल्या समाजाला परिचित असलेल्या लेस्टर शहरातील विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रुगा यांनी तो केला. 2007 च्या घरोघरच्या पाहणीत प्रौढांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे 1 टक्का निघाले. पण ज्यांना प्रश्नांची उत्तरेच देता येत नाहीत, ते अशा पाहणीतून सुटतात. म्हणून पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांकडे स्वतंत्रपणे जाऊन, त्यांना सांभाळणाऱ्यांनाही विचारून तपासणी झाली. मध्यम ते अतितीव्र अक्षमता असलेल्यांत एक तृतीयांशाहून अधिक जण स्वमग्न आढळले. एरवी पुरुषांत हे प्रमाण बरेच अधिक दिसते. तीव्र अक्षमतेत ते अंतर राहत नाही. तेव्हा घरातील आत्याबाई वा मावशी यांच्याविषयीही हाच प्रश्न विचारावयास हवा.

आपल्याकडे 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात मतिमंदत्व होते, स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती स्वतंत्रपणे आली. कपाटातील जुन्या दाखल्यावर ती कोठून असणार? तिजोरीतील कागद वर्षावर्षाला तपासणारी आपली माणसे, हा एक कागद मात्र कधी उघडून पाहत नाहीत.

काकांना अखेर पुतण्याने मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. स्वमग्नतेचे निदान झाले. औषध असे काही मिळाले नाही. मात्र यंदा धाकट्याच्या लग्नात वहिनींनी बँड दूरच्या फाटकाशी थांबविला आणि साडेपाचच्या ठोक्याला मागच्या खोलीत काकांचे ताट स्वतः नेऊन ठेवले. वाटी घरून आणली होती.