आपद्धर्माची मुदत

‘टाळेबंदी’ हा मराठी शब्द 2020 पर्यंत गिरणीच्या किंवा कारखान्याच्या फाटकापाशीच राहत होता. संपाला मालकाने दिलेले उत्तर, एवढाच त्याचा अर्थ. 24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले आणि मध्यरात्रीपासून तो उभ्या देशाला लागू झाला. मागोमाग ‘सामाजिक अंतर’ आले. माणसामाणसांत अंतर राखण्यातच ज्या समाजाची शतके गेली, त्याला हे नव्याने शिकवताना निदान ‘शारीरिक’ म्हणावे, हे थोड्यांनाच सुचले. भाषेच्या शिक्षकांचा किरकिरेपणा म्हणून हे सोडूनही देता येईल. पण एक नेमका शब्द घरातच पडून होता आणि परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या सदरलेखकांनी त्याला क्वचितच हात लावला, याचे आम्हांला अधिक नवल वाटते. तो शब्द आपद्धर्म.

शांतिपर्वात आपद्धर्माचे एक सबंध उपपर्व आहे. तरीही आम्हांला छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची छोटी गोष्ट या विषयावर अधिक नेमकी वाटते. कुरुदेशात पीक बुडालेले, उषस्ती उपाशी. एक हत्तीवाला घुगऱ्या खात बसला होता. त्याच्या उष्ट्यातल्या घुगऱ्या उषस्तीने मागून घेतल्या आणि खाल्ल्या. हत्तीवाला पाणीही देऊ लागला, तेव्हा ते उष्टे म्हणून त्याने नाकारले. मग घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय? उषस्तीचे उत्तर असे की त्या खाल्ल्या नसत्या तर प्राण गेला असता. पाणी मात्र मिळण्याजोगे होते. संकटाची सूट गरज संपते तिथे संपते. स्वतःला परंपरानिष्ठ म्हणवणाऱ्यांनी साथीतल्या सरकारांना हेच माप लावायला हवे होते, मग ते सरकार दिल्लीतले असो वा मुंबईतले.

गावांनी ते आपापल्या परीने लावले. बिद्री हे कोल्हापूर–गारगोटी रस्त्यावरचे गाव, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले. पुढे मुधाळ तिट्टा आणि पलीकडे बाळूमामांचे आदमापूर. एरवी अमावास्येला वाहनांनी भरून जाणारा हा रस्ता 2020 च्या उन्हाळ्यात ओस पडला. या पट्ट्यातल्या गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच मुलांना शाळेच्या खोल्यांत उतरवले. आईने भाकरीचे फडके फाटकापाशी ठेवायचे आणि दुरून हाक मारायची. यात निर्दयपणा नव्हताच, असे कोण म्हणेल? पण ही रीत गावाला अनोळखी नव्हती. प्लेगच्या साथीत गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी म्हाताऱ्यांनी ऐकलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाला सारी भावकी आणि गाव लोटणारा हा मुलूख. ते पाच माणसांत उरकले गेले. साथ ओसरताच लोक पुन्हा पूर्ववत जमू लागले. सूट किती घ्यायची आणि कधी परत करायची, यासाठी त्यांना परिपत्रक लागले नाही.

दिल्लीचे काय? थाळ्या आणि दिव्यांची आम्ही थट्टा करणार नाही. भेदरलेल्या समाजाला एकत्र करायला विधी लागतो, हे साहित्य शिकवणाऱ्याला तरी कळावे. परंतु 22 मार्चच्या एका दिवसाच्या जनता कर्फ्यूसाठी तीन दिवस आधी सूचना मिळाली होती आणि 21 दिवसांच्या टाळेबंदीसाठी चार तास. रोग रोखणे ही घुगऱ्यांची बाब होती. चार तास ही पाण्याची. हातावर पोट असणारा माणूस चालत निघणार, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नव्हती. 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. तेव्हा आमच्या बाजूची बरीच लेखणी मजूर रुळांवर का झोपले, हे विचारण्यात गुंतली होती.

मुंबईच्या बाबतीत हीच लेखणी सुरीसारखी धारदार होती, आणि काही अंशी योग्यच. दारूची दुकाने मे 2020 मध्ये उघडली, उपाहारगृहे आणि बार ऑक्टोबरात, देवळे मात्र 16 नोव्हेंबरच्या पाडव्याला. हा क्रम कोणत्या वैद्यकाने लावला, हा प्रश्न रास्त होता. पण 12 ऑक्टोबर 2020 रोजी राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना ‘सेक्युलर’ झालात काय, अशा अर्थाचे पत्र लिहिले आणि रास्त प्रश्नाची रया घालवली. पदाची मर्यादा हे परंपरेचे पहिले मूल्य. ते मोडणाऱ्याला टाळ्या वाजवणाऱ्यांना आम्ही परंपरावादी म्हणत नाही. त्याच वर्षी आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, 2021 मध्येही बसनेच. वारकऱ्यांनी पायी वारीचा खंड सोसला, कारण विठ्ठल गर्दीचा भुकेला नाही, हे त्यांना ठाऊक होते. उलट एप्रिल 2021 मध्ये, दुसरी लाट चढत असताना, हरिद्वारचा कुंभ भरू दिला गेला. तो प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी 17 एप्रिलला केले, तोवर मुख्य शाही स्नाने होऊन गेली होती. पंढरपूरने दाखवलेला संयम हरिद्वारच्या यजमानांकडे मागणारा अग्रलेख उजवीकडे शोधावा लागतो.

आमच्या व्यवसायाशी संबंधित एक वादही याच काळातला. अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द कराव्यात, असे राज्याचे म्हणणे. घ्याव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही, असा निर्वाळा दिला. आम्हांला तो पटला. पुढे ठिकठिकाणी कवितेच्या पेपरालाही चार पर्याय आले, ही गोष्ट वेगळी. (त्यांची उत्तरेही त्याच रात्री सर्वत्र पोचत.)

खरा नमुना आपल्याच भाषेत होता. 1897 च्या आरंभी साथरोग कायदा झाला. मार्चपासून पुण्यात रँडच्या हाताखालचे सोजीर घराघरांत शिरू लागले. टिळक सामाजिक बाबतीत सनातनी पक्षाचे. संमतिवयाच्या बिलाला त्यांचा विरोध होता. तरी ग्रंथिक सन्निपाताच्या साथीत विलगीकरणाची गरज त्यांनी नाकारली नाही. पुढारी मंडळी गाव सोडून जात असता ते पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढे झाले. भांडण होते ते रीतीशी, देवघरात आणि माजघरात बूट घालून जाण्याशी. रँडच्या वधानंतर, जुलै 1897 मध्ये, सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, हे ‘केसरी’ने मथळ्यातच विचारले. सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी गोखल्यांनी सोजिरांवर विलायतेत केलेले आरोप सिद्ध होईनात, तेव्हा जाहीर माफी मागितली. उपायाला पाठिंबा, रीतीला विरोध आणि पुराव्याची चाड, हे तिन्ही त्या एका वर्षात मराठी माणसांनी करून दाखवले होते.

तोच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. 2021 च्या मे-जूनमध्ये, राज्यात अन्यत्र लाट ओसरू लागली तरी कोल्हापूर जिल्हा तिच्याखालीच होता. कितीतरी घरांनी आपले माणूस प्लॅस्टिकच्या वेष्टनातच शेवटचे पाहिले, म्हणजे पाहिलेच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च 2020 च्या सूचनांत मात्र वेष्टनाची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवण्यास मुभा होती. स्पर्श न करता मंत्र म्हणण्यास, पाणी शिंपडण्यासही. म्हणजे निषेध शास्त्राचा नव्हता. भयाचा होता, किंवा घाईचा.

2024 च्या अहवालात विधी आयोगाने हा कायदा अपुरा ठरवला. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना जबर शिक्षा आली, ती हवीच होती. चौथे कलम मात्र 1897 चेच राहिले. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कुणावरही दावा चालणार नाही, असे ते सांगते. बापाचा चेहरा पाहू न दिल्याची तक्रार घेऊन कुणी आज निघालेच, तर वाटेत हे कलम लागते.