फुगीर शिडाचा मोह

मनुष्याच्या मनास एकदां वेगाची गोडी लागली म्हणजे पदरीं असलेल्या गतीनें त्याचें समाधान होत नाहीं. जयगडच्या खाडींत आमची एक कयाक आहे. १६ फूट लांब, ३० इंच रुंद, आणि एका माणसास जेमतेम पाय पसरून बसतां येईल एवढीच तींत जागा. तिला ३० चौरस फुटांचें एक साधें शीड आहे. दुपारीं खारा वारा सुटला म्हणजे खाडीच्या मुखापासून आंत येतांना वल्ह्यास हात लावण्याचें कारण पडत नाहीं. तथापि शर्यतीच्या नौका वारा पाठीशीं असतां स्पिनेकर नांवाचें पातळ कापडाचें, फुग्यासारखें फुगणारें शीड पुढें उभारितात, हें पाहिल्यापासून तसेंच एक आपल्या होडीसही असावें, असें आमच्या मनानें घेतलें.

एका स्नेह्याकडून ५० चौरस फुटांचें जुनें स्पिनेकर मागून आणून आम्ही प्रयोग केला. पहिलीं पांच मिनिटें मोठ्या आनंदांत गेलीं. परंतु शीड फुगलें तसें समोरचें सर्व दृश्य त्याच्याआड गेलें. जयगड आणि तवसाळ यांमध्यें फेरीबोट ये-जा करिते, हें आम्ही जाणून होतों. पण ती जवळ आली आहे हें तिचा भोंगा ऐकूं आला तेव्हांच कळलें. घाईनें दोर सोडला, तों शीड पाण्यांत पडून होडीखालीं गेलें आणि मासळीच्या जाळ्याप्रमाणें पाण्यानें भरलें. सुकाणूं ऐकेना; होडी आडवी झाली. पुढें सरकून शीड ओढावें, तर उलटण्याचें भय. शेवटीं चाकूनें एका बाजूचे दोर कापून तें कसेंबसें आंत घेतलें. फेरीबोटीच्या चालकानें वेग मंद करून आम्हांस वळसा दिला, म्हणून हा लेख लिहावयास आम्ही शिल्लक आहों.

त्या रात्रीं आम्ही शांतपणें हिशेब मांडिला. लाभाची बाजू लहानच निघाली. पाणी सारीत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीनें बांधलेला असतो. १६ फुटांच्या होडीस ही मर्यादा ताशीं सुमारें १० किलोमीटर पडते. चांगल्या वाऱ्यांत जुनें शीडच तिला त्याच्या जवळपास नेतें. त्यापुढें वाढविलेलें कापड बहुतांशीं होडीचें नाक पाण्यांत दाबितें. हानीची बाजू मात्र वाढत गेली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब चौपट होतो. त्यांतही पाठीवरचा वारा फसवा. वारा ताशीं २० किलोमीटर व होडी ८ किलोमीटर चालत असतां अंगास १२ किलोमीटरांचाच वारा जाणवतो; होडी वाऱ्यास आडवी वळली कीं तोच २१ च्या वर जातो, आणि शिडावरील दाब तिपटीहून अधिक होतो. अशा वेळीं चढविण्या-उतरविण्याचा एक, आवरण्याचे दोन असे तीन दोर आणि वल्हें, हें सर्व दोनच हातांनीं सांभाळावयाचें! शिवाय परततांना वारा समोरून. तेव्हां तें शीड म्हणजे पायांशीं पडलेलें ओलें गाठोडें.

हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरानें १९५६ सालीं क्लेपर बनावटीच्या घडीच्या कयाकेंतून ७२ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडिला. त्याच्यापाशीं शिडें होतीं, पण तीं लहानच होतीं.

बंदरावरील एका वृद्ध तांडेलकाकांस आम्ही सर्व हकीगत सांगितली. त्यांनीं एवढेंच विचारिलें, "पोरा, शीड चढवलंस तें ठीक, उतरवणार कोण होतं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें शीड गोड्या पाण्यानें धुऊन, वाळवून, नवे दोर बांधून आम्ही स्नेह्यास परत केलें. दुपारीं वारा सुटला म्हणजे मन अद्यापि चळतें, हें कबूल केलें पाहिजे. अशा वेळीं आम्ही वल्हें हातीं घेतों.