जाड ऑइलचा आग्रह

डिझेल इंजिनातील ऑइल केवळ घर्षण कमी करत नाही. ते पिस्टनभोवतीची उष्णता वाहून नेते, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी आपल्यात धरून ठेवते आणि इंधनातील गंधकापासून तयार होणाऱ्या आम्लांचे उदासिनीकरण करते. या कामांपैकी काजळी आणि आम्ल यांचा संबंध ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांशी असतो, जाडीशी नसतो. तरीही बहुतेक गॅरेजांत ऑइलची निवड जाडीवरून होते, आणि गाडी जुनी असेल तर ‘जाडच घाला’ या दोन शब्दांत ती उरकते. प्रस्तुत लेखकाच्या 1994 सालच्या महिंद्रा एमएम 540 जीपच्या बाबतीत या दोन शब्दांनी जे घडवले, त्याची चीड आजही पुरती शमलेली नाही.

या जीपचे इंजिन प्यूजो रचनेचे, 2112 घन सेंटिमीटरचे, टर्बो नसलेले आहे. अशा इंजिनाला सामान्यतः 15डब्ल्यू-40 हे बहुश्रेणी ऑइल चालते. यातील डब्ल्यूपूर्वीचा अंक थंडीतील वागणूक दाखवतो, तर नंतरचा अंक 100 अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, उरणारी जाडी दाखवतो. डब्यावर याशिवाय ‘सी’ने सुरू होणारी एक प्रत छापलेली असते, आणि ती डिझेल इंजिनासाठीची असते; 1990 ची सीएफ-4, 1998 ची सीएच-4 आणि 2002 ची सीआय-4 अशा क्रमाने काजळी व झीज सांभाळण्याची क्षमता वाढत गेली आहे.

लेखकाने सीआय-4 प्रतीचा, 15डब्ल्यू-40 चा सीलबंद डबा गॅरेजात स्वतः नेऊन दिला होता आणि हेच घालावे असे स्पष्ट सांगितले होते. संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा बिलावर केवळ ‘ऑइल बदली’ असे लिहिले होते, डबा कोठेच नव्हता, आणि चेंबरमध्ये पिंपातले 50 क्रमांकाचे एकश्रेणी ऑइल, म्हणजे थंडीतील वागणुकीची कोणतीही हमी नसलेले ऑइल, गेले होते. ही गोष्ट त्या वेळी कोणीही सांगितली नाही. जानेवारीतल्या एका पहाटे महाबळेश्वरला हीटर प्लग पुरेसा वेळ तापवूनही इंजिन जड पडून हळूहळू फिरू लागले, पुरेसा वेग न आल्याने दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापेना, आणि तिसऱ्या प्रयत्नाला बॅटरी उतरली. गाडी उतारावरून ढकलून सुरू करावी लागली, आणि परतल्यावर विचारणा केली तेव्हा खरे काय ते कळले.

त्यावर मिळालेले उत्तर या प्रकरणातला सर्वांत बोचणारा भाग आहे. गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी सुरू करून ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे बोट दाखवले आणि ‘बघा साहेब, काटा कसा वर गेलाय, आधी एवढा जात होता का?’ असे विचारले. काटा खरोखर वर होता. परंतु दाब म्हणजे प्रवाह नव्हे. जाड ऑइल अरुंद वाटांतून सहज पुढे सरकत नाही म्हणूनच त्याचा दाब वाढतो, मग दाब मर्यादित ठेवणारी झडप उघडून पंपाने उचललेले बरेचसे ऑइल परत चेंबरमध्ये सोडते, फिल्टर तुंबल्यासारखा वागून बगल झडपेतून काही ऑइल न गाळताच पुढे जाते, आणि टॅपेटपर्यंत ते उशिरा पोहोचते. सुरू झाल्यावरचे हे काही क्षण झिजेच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात. जो काटा संकटाची खूण होता तोच पुरावा म्हणून पुढे केला गेला, आणि ज्याला हे यंत्रशास्त्र ठाऊक नाही अशा गाडीमालकाने तो आनंदाने मान्य केला असता, ही बाब डबा गहाळ होण्याहून अधिक अन्यायकारक वाटते. आधीचे ऑइल दोनशे किलोमीटरमध्येच काळे पडले होते, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद होता. वास्तविक डिझेल गाडीत ऑइल लवकर काळे पडणे म्हणजे काजळी भिंतींवर न साचता ऑइलमध्ये तरंगत राहणे होय, आणि त्यासाठीच ते बनवलेले असते.

काळे पडलेले ऑइल लवकर बदलण्याच्या आग्रहामागे जुन्या काळाचे शहाणपण अजिबात नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी भारतीय डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधकाला मुभा होती, त्यामुळे आम्ल भरपूर होई आणि ऑइल लवकर बदलणे हाच खात्रीचा उपाय होता. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ही मर्यादा दशलक्ष भागांत 10 भागांवर आली, आणि आम्लासाठी मोठा अल्कधर्मी साठा बाळगण्याची निकड बरीच ओसरली. सवय मात्र तशीच राहिली. जुनी गाडी चालवणाऱ्याने डब्यावरची प्रत स्वतः वाचावी, चेंबर उघडेपर्यंत तेथे उभे राहावे आणि बिलावर ऑइलची श्रेणी लिहून घ्यावी, कारण खोलून पाहिल्याशिवाय इंजिनाची तक्रार कळत नाही, आणि खोलण्याची वेळ आली की खर्च हजारांत जातो.

पुढच्या मे महिन्यात विदर्भातल्या लांब प्रवासात या जीपने ऑइल अधिक प्रमाणात खाल्ले, डिपस्टिकवरची पातळी प्रत्येक टप्प्यावर उतरत गेली, आणि लेखकाने स्वतःहून 20डब्ल्यू-50 घातले. खप कमी झाला, टॅपेटचा आवाजही मऊ वाटला. हे ऑइल एकश्रेणी 50 च्या बरोबरीचे नाही, कारण थंडीची चाचणी ते पार करते, हा भेद खरा आहे. पण तापलेल्या इंजिनात दोघांचा अंक एकच आहे आणि झिजलेल्या रिंगांना त्याने आधार दिला, हेही तितकेच खरे आहे. त्या मिस्त्रींना तेव्हा इतके ठामपणे खोटे ठरवले होते, त्या ठामपणाबद्दल आता मनात संकोच आहे. न विचारता ऑइल बदलल्याबद्दलचा राग मात्र जसाच्या तसा आहे. हल्ली दिवाळीनंतर 15डब्ल्यू-40 आणि होळीनंतर 20डब्ल्यू-50 असा क्रम ठेवला आहे, आणि दोन्ही वेळा डब्याचे सील लेखकाच्या समोर तोडले जाते.