सुट्टी, मोगरा आणि मैत्रीण

खरं सांगू? एप्रिलच्या सुरुवातीला मला तिचा जाम हेवा वाटला होता. माझी ही मैत्रीण पॅकेजिंग डिझायनर. साबण, शाम्पू, बिस्किटांचे पुडे, सगळ्यांना नटवून झालं आणि एक दिवस तिने चक्क दोन महिन्यांची बिनपगारी सुट्टी टाकली. 'करणार काय?' तर म्हणे, 'फुलं आणणार, चित्रं बघणार, अत्तर बनवणार.' आम्ही फ्रीलान्सर मंडळी पेमेंटची वाट बघत उन्हाळा काढतो आणि बाईसाहेबांचे हे थाट! म्हटलं, चला, आपल्याला एक लेख तरी मिळेल.

पहिल्याच दिवशी तिने मला सकाळी सहाला दादरच्या फूलबाजारात उभं केलं. पायाखाली ओल्या पानांचा चिखल, डोक्यावरून जाणाऱ्या टोपल्या आणि मोगऱ्याचे ढीग. सुरंगीचा सीझन संपत आला होता, तरी एका मावशींकडे दोन वळेसर मिळाले.

'मावशी, पाणी न मारलेल्या कळ्या द्या ना.'

'पाणी नाय मारलं तर दुपारपर्यंत टिकतील का गं बाय?' मावशी हसल्या.

पण तिचा हट्ट बरोबर होता. मोगरा खुडल्यावरही सुगंध सोडत राहतो. संध्याकाळी कळी उमलली की जास्तच. म्हणून फ्रेंच अत्तरवाले काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं अंथरायचे, रोज जुनी काढून ताजी ठेवायचे. चरबी सुगंध पिऊन घेते, मग तो अल्कोहोलने धुऊन काढायचा. मुंबईच्या उकाड्यात खोबरेल तेल थिजणार कुठून? म्हणून हिने वनस्पती तूप वापरलं. पहिली बशी ओल्या फुलांमुळे बुरसली होती. सगळं घर आंबूस! मी नाक दाबलं. ती मात्र शांतपणे बशी घासत होती. तेव्हा मला काही खटकलं नाही.

दर मंगळवारी काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून उभी असलेली ही गॅलरी, आत जायला तिकीट नाही आणि मंगळवारी नवी प्रदर्शनं लागतात. ती एकेका चित्रासमोर उभी राहायची आणि वहीत लिहायची, 'ओली भिंत', 'कच्ची कैरी', 'इस्त्रीचे कपडे'. मला वाटलं, डिझायनर लोकांची नाटकं. बाहेर पायरीवर बसल्यावर विचारलंच, 'हे काय चाललंय तुझं?'

'वास आठवतेय,' ती म्हणाली. 'मला येत नाहीत ना सगळे.'

आणि मग तिने सांगितलं. एप्रिल २०२१ मध्ये तिला कोविड झाला आणि वास गेला. दूध करपून भांडं काळं झालं, तरी पत्ता नाही. काही महिन्यांनी वास परतले, पण भलतेच. कॉफीला जळक्या रबराचा, कांद्याला सडल्याचा. ऑफिसमध्ये नव्या साबणाचे नमुने फिरायचे तेव्हा ती सगळ्यांसारखी मान डोलवायची. चार वर्षं जवळ बसून मला हे कळलं नव्हतं. पत्रकार म्हणे!

डॉक्टरांनी तिला नाकाचा व्यायाम दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये २००९ साली यावर अभ्यास झाला होता. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायचे. हुंगताना तो वास मनात आठवायचा. लवंग आधी आली, मग लिंबू. मोगरा मात्र आलाच नाही. आणि तिच्या आईच्या वेणीत रोज मोगराच असायचा.

म्हणून ही सुट्टी. म्हणून ती कोरडी फुलं, बशा, वह्या. जो वास येत नाही त्याचंच अत्तर बनवायचं, म्हणजे रोज महिनाभर त्याच्याशी गाठ पडेल, असा तिचा सरळ हिशेब.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाटली भरली. इवलीशी, करंगळीएवढी. तिने माझ्या मनगटावर थेंब लावला. 'तू सांग.' तुपाचा किंचित वास होता, पण त्यामागे मोगरा होता. स्वतः तिने हुंगलं, थांबली आणि म्हणाली, 'काहीतरी आहे. गोड. पण नाव सुचत नाही.' मी काय बोलणार?

परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात आम्ही दाराशी उभ्या होतो. माटुंग्याला गर्दी आत घुसली आणि ती एकदम मागे वळली. मी बघितलं, तर तीन बायकांपलीकडे एक आजी, अंबाड्यावर गजरा.

'मोगरा?' तिने विचारलं.

'मोगरा.'

ती पुढे काही बोलली नाही. उतरायचं स्टेशन गेलं तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. दोन स्टेशनं पुढे गेलो, उलट आलो.