लायसनवाला ठेकेदार

गेल्या वर्षी धान चुरून झालं, गावोगावच्या मंडई-जत्रांचे दिवस संपत आले, तेव्हा फुलचूरचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. आमच्याकडे घरांची कामं याच दिवसांत निघतात. हाती धानाचे पैसे असतात, शेतातून मोकळी झालेली माणसं मिळतात आणि पावसाळा लांब असतो. गुरुजींच्या पिशवीत प्लॉटचे कागद होते, नकाशा होता आणि मुलाने फोनवर सांगितलेलं लिहून घेतलेली एक चिठ्ठी होती.

“भाऊ, पोरगा म्हणते, लायसनवाला ठेकेदार पाहा. त्याचा नंबर मागा म्हणते, मी इकडून तपासतो. असा कोण आहे आपल्या गोंदियात?”

मुलगा कॅलिफोर्नियात आहे. तिथून पाहिलं तर त्याचं बरोबरच आहे. तिथे ठेकेदारांना परवाना देणारं राज्याचं मंडळ १९२९ पासून आहे. नंबर टाकला की परवाना चालू आहे की रद्द झाला ते कोणालाही दिसतं. घरदुरुस्तीच्या कामात ठेकेदाराला आगाऊ रक्कम किती घेता येते हेही कायद्याने ठरलेलं आहे: १००० डॉलर किंवा कामाच्या १० टक्के, यातली जी कमी असेल ती.

मी गुरुजींना सांगितलं, गोंदियातच काय, महाराष्ट्रात कुठेही तुमचं घर बांधणाऱ्याला असा परवाना लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो, पण ती सरकारी कामांसाठी. महारेराची नोंदणी लागते ती फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या विकासकाला; स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा त्या कायद्याच्या बाहेर राहतो. नगरपरिषद परवाना देते तो नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याला. भिंत उभी करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. घराच्या कामात खरा परवाना लागतो तो वीज ठेकेदाराला. त्याच्या चाचणी अहवालाशिवाय महावितरण मीटर देत नाही. वायर ओढणाऱ्याला परवाना आहे आणि ज्या कॉलमवर पूर्ण घर उभं राहतं तो भरणाऱ्याला नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी मी घरांच्या बांधकामावर देखरेखीचं काम सुरू केलं. इतक्या वर्षांत मी एकच शिकलो, की तिकडे परवाना जे काम करतो ते इथे लिहिलेल्या कराराला करावं लागतं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही खरा, पण भांडण झालं की तो सिद्ध कसा करणार?

आणि भांडण बहुतेक वेळा मापावरून होतं. नकाशावर घर ११०० चौरस फूट असतं. मालक मनात ११०० ला दराने गुणतो. ठेकेदाराच्या मनात स्लॅबचं माप असतं. त्यात छज्जे येतात, पोर्च येतो, जिन्याचा टॉवर येतो. वरून सेप्टिक टाकी, पॅरापेट, कंपाउंड आणि ठरल्यापेक्षा दीड फूट उंच झालेलं जोतं. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं. दर दोघांनी एकच ऐकलेला असतो, माप दोघांचं वेगळं असतं. अशा एका घराला छपाईविना दोन पावसाळे उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. मालक म्हणे पैसे देऊन झाले, ठेकेदार म्हणे अजून अर्धे बाकी आहेत. विटा पाणी पीत राहिल्या. म्हणून दर ठरवण्याआधी काय मोजायचं, काय अर्धं धरायचं आणि काय मोजायचंच नाही, ते नकाशाच्या एका प्रतीवर रंगाने दाखवून घ्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्याकडे बहुतेक ठेके लेबर रेटचे असतात. सिमेंट, लोखंड, गिट्टी, रेती मालकाने आणायची, हात ठेकेदाराचे. मालक गावातच राहत असेल तर मला हीच पद्धत बरी वाटते. मात्र मोजून घ्यायला शिकावं लागतं. रेतीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजली की हिशेब कळतो. १२ मिलिमीटरची सळाख मीटरला ८८८ ग्रॅम भरते. १२ मीटरची एक सळाख साधारण साडेदहा किलोच्या वर जायला हवी. विथ मटेरियल ठेका असेल तर सिमेंट कोणतं, लोखंड कोणत्या ग्रेडचं आणि काँक्रीट कोणतं, हे करारात नावानिशी हवं. नुसतं ‘चांगल्या प्रतीचं’ लिहून भागत नाही.

पैसे टप्प्याने द्यावेत हे सगळ्यांना माहीत असतं, पाळत कोणी नाही. प्रधानमंत्री आवासच्या घरकुलात पाहा. तिथे तर ठेकेदार लावायलाच मनाई आहे, लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचं. आणि हप्ता पडतो तो टप्प्याचा फोटो चढल्यावर. गावातल्या सर्वांत लहान घराला जी शिस्त आहे तीच तीस लाखांच्या घराला लावावी, एवढंच माझं म्हणणं. मी आगाऊ रक्कम ५ टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाही आणि शेवटचे ५ टक्के पहिला पावसाळा पाहून द्यायला सांगतो. पण ठेकेदाराची बाजूही तितकीच खरी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मिस्त्री आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, यांच्या हातात मजुरी पडली नाही तर दुसऱ्या दिवशी कामावर माणूस येत नाही. टप्पा झाला की पैसे किती दिवसांत द्यायचे, हे मालकावरही बंधन म्हणून लिहा.

स्लॅबबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीच्या काळात नात्यातल्याच एका काकूंच्या घराचं काम पाहत होतो. हॉल १६ फुटांचा, स्लॅब ओतून झाला आणि मी दुसऱ्या साइटवर गेलो. ठेकेदाराला सेंट्रिंगच्या प्लेटा पुढच्या कामावर हव्या होत्या. भाड्याच्या प्लेटा जितक्या लवकर फिरतील तितका त्याचा फायदा. सहाव्या दिवशी त्याने टेकू काढले. स्लॅब पडला नाही, पण मधोमध झोल आला आणि तो घर असेपर्यंत राहणार. भारतीय मानक ४५६ सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवा. कडाक्याच्या थंडीत किंवा राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी. १६ फूट म्हणजे साडेचार मीटरच्या वर. मला आकडा पाठ होता, पण मी तो करारात लिहिला नव्हता. त्या काकूंना वर पाहताना पाहिलं की आजही माझी मान खाली जाते. तेव्हापासून टेकू कोणत्या तारखेला निघतील ते मी स्लॅबच्या दिवशीच भिंतीवर खडूने लिहितो. काँक्रीटमधल्या पाण्याचंही तसंच. पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर. मिक्सरमध्ये पाइप सोडून दिला की काँक्रीट सहज ओतलं जातं आणि ताकद जाते.

आता माती. गोंदियाभोवतीचे बरेच प्लॉट काल-परवापर्यंत धानाच्या बांध्या होत्या. खरडी किंवा बरडी जमीन असेल तर पायाला फारशी चिंता नाही. कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन, असेल तर ती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते. वरचं घर तिच्याबरोबर हलतं आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. करारात ‘पाया पाच फूट’ असं लिहिलेलं असतं आणि पाच फुटांवर अजून कन्हारच असते. ठेकेदार तिथेच थांबतो, कारण पुढच्या फुटाचे पैसे ठरलेले नसतात. म्हणून मी ‘मुरूम लागेपर्यंत’ असं लिहितो आणि पाच फुटांखालच्या प्रत्येक फुटाचा दर आधीच ठरवून घेतो.

मुदत लिहितानाही आपलं पंचांग पाहावं. रोवणीच्या दिवसांत रेजा मिळणार नाहीत, कापणीत मिळणार नाहीत, मंडई आणि होळीत काम बंद. पावसाळ्यात नदीतून रेती काढणं बंद असतं, तिचा साठा मे महिन्यातच करावा लागतो. हे दिवस सोडून मुदत धरली तर ती पाळली जाते. आणि एक ओळ मजुरांसाठी लिहा. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराने द्यावा. आपल्या घराच्या विटा डोक्यावर वाहणाऱ्या बाईचा तो हक्क आहे.

इतकं करूनही बिनसलं तर गोंदियात जिल्हा ग्राहक आयोग आहे. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवा’ मानली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथे करार, सह्यांचं माप आणि बँकेतून दिलेले पैसे कामी येतात.

गुरुजींनी तीन ठेकेदारांची आधीची घरं पाहिली. तीही पाच वर्षांपूर्वीची, कारण नव्या घराला रंग सगळं झाकतो. घरवाल्यांशी बसून बोलले. ज्याला निवडलं तो आमगावकडचा, दर तिघांत मधला, पण जुन्या मालकाच्या घरी नळ गळला तरी फोन उचलणारा. करार चार पानांचा झाला. गुरुजींनी तो स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि ठेकेदाराला मोठ्याने वाचून दाखवला.

डिसेंबरात खड्डे खोदले. पाच फुटांवर कन्हार, सहावर कन्हार, मग पिवळा मुरूम. गुरुजींनी टेप खाली सोडला, सहा फूट आठ इंच. ठेकेदाराने कराराच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख आणि खोली लिहिली, सिमेंटच्या थप्पीवर कागद ठेवून दोघांनी सह्या केल्या आणि पहिलं घमेलं खड्ड्यात पडलं.